टाकीबाहेरच्या चपला

आमच्या शॉपमध्ये दोनच गोष्टी साठतात. टाक्या आणि किस्से. टाक्या निदान ट्रकवर चढून जातात, किस्से मात्र इथंच मुक्काम ठोकतात!

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत आम्ही स्टीलच्या टाक्या बनवतो. दुधाच्या, औषधाच्या. माझ्या मुलीच्या पुस्तकात असल्या आकाराला वृत्तचिती म्हणतात, म्हणजे सिलिंडर. बायकोला सिलिंडर म्हटलं की गॅस आठवतो, बाइकवाल्याला इंजिन. आम्हाला आठवतो तो आत गेलेला माणूस.

*

आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी. मोठे हौशी. नवी टाकी झाली की बाजूच्या मॅनहोलमधून, म्हणजे माणूस आत जायच्या तोंडातून, डोकं आत घालून ओरडायचे, "ओ साईं!" आतून घुमून परत यायचं, "ओ साईं!" शेठ खूश.

एकदा मात्र त्यांनी डोकं झटकन बाहेर काढलं. चेहरा पांढराफटक.

"क्या हुआ शेठ?"

"अरे, आज मैं चिल्लाया ही नहीं था!"

तेव्हापासून शेठ टाकी लांबूनच बघतात.

*

आतून पॉलिश करणारा अनवाणी जातो, नाहीतर स्टीलवर ओरखडे पडतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे. मॅनहोलबाहेर चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे, झाकण लावायचं नाही. आणि अधूनमधून बाहेरून दोन ठोके मारायचे. आतल्याने दोन ठोके परत द्यायचे. म्हणजे, बाबा रे, मी ठीक आहे.

आमचा दिलीप भोईर एकदा जेवून आतच आडवा झाला. दोन ठोक्यांनी जाग आली. त्यानेही झोपेत दोन दिले आणि बाहेर आला, तर शॉपमध्ये चिटपाखरू नाही. आम्ही सगळे कँटीनमध्ये!

"मग ठोकलं कोणी?" तो विचारत बसला.

क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या, गायकवाड मॅडम बुवापाड्याच्या. भूत-बित हा विषय त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोसमोर कुणी काढत नाही. त्या म्हणाल्या, "स्टील थंड होताना वाजतं, दिलीप. जेवण कमी करा."

आम्ही हसलो. दिलीप हसला नाही.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

माझा धाकटा भाऊ नितीन आमच्याकडेच पॉलिशला आहे, चामटोलीहून येतो. त्या दिवशी दोन जुळ्या टाक्या पाण्याच्या टेस्टला होत्या, पाणी भरून गळती बघायला. पहिली सकाळी झाली. दुसरी नितीनने दुपारी आत जाऊन पुसली, दिलीपने झाकण लावलं आणि पाणी सोडलं. वरच्या नळीतून पाणी वाहायला लागलं, टाकी भरली.

मॅडमनी पाण्याचा मीटर बघितला. पुन्हा बघितला. "ड्रॉइंग तेच, माप तेच. मग पहिलीपेक्षा पाणी कमी कसं लागलं?"

"किती कमी?"

त्या म्हणाल्या, "एका माणसाएवढं."

मग त्यांनी बोट दाखवलं. मॅनहोलखाली निळ्या स्लिपरचा जोड होता. वर पॉलिशची पांढरी भुकटी. कोरडी.

"मी बॅटरी मारून बघितलंय, दादा! आईशप्पथ रिकामी होती!" दिलीप रडायच्या बेतात आला होता.

तशा स्लिपर आमच्यात सगळ्यांच्याच. मी एकेकाच्या पायाकडे बघितलं. सगळ्यांच्या पायात होत्या. फक्त नितीन दिसत नव्हता. फोन लावला, तर नुसती रिंग वाजत राहिली.

आईला काय सांगू, एवढंच डोक्यात येत होतं.

मॅडमनी खालचा वॉल्व उघडायला लावला. पाणी पाइपातून मागच्या गटारात जायला लागलं, पण किती हळू! मला राहवेना. मी पाना घेऊन टाकीवर दोन ठोके मारले. भरलेली टाकी वाजत नाही, भद्द होते. तरी मारले.

आतून दोन ठोके आले.

स्पष्ट. सगळ्यांनी ऐकले. मॅडमनीसुद्धा.

"जिवंत आहे! खोल रे, खोल!" मी दिलीपवर ओरडलो. पाणी मॅनहोलच्या खाली गेल्याबरोबर आम्ही बोल्ट काढले. मी डोकं आत घातलं, बॅटरी फिरवली. लख्ख स्टील, तळाला पाणी, आणि माझाच चेहरा. दुसरं कोणी नव्हतं.

"दादा, काय झालं?"

मागे नितीन उभा! हातात चहाचा ग्लास. "गेटबाहेर गेलो होतो यार, फोन सायलेंटवर राहिला."

मी त्याला मिठीच मारली. चहा दोघांच्या अंगावर सांडला. मग मी त्याच्या पायाकडे बघितलं. त्याच्या स्लिपर त्याच्या पायात होत्या.

"मग ह्या कोणाच्या?" त्याने विचारलं.

गायकवाड मॅडम खाली वाकल्या. एक चप्पल उचलली आणि उलटी केली.

तिच्यातून पाणी ओघळलं.