सरोजबाईंच्या गाण्यातल्या चांदण्या

परंड्यात माझं टायपिंगचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आज सकाळी मला शाळेत शिकवलेल्या सरोजबाईंनी मोबाईलवर लेझीमचं गाणं पाठवलं. संध्याकाळच्या सरावासाठी मुलींना प्रती द्यायच्या होत्या.

गाण्यात जागोजागी चांदणीची (*) खूण होती. मजकूर प्रोग्राममध्ये टाकला, पान छान निघालं. काही शब्द आपोआप ठळक झाले होते.

बाई दुकानात आल्या आणि पान बघून म्हणाल्या, "माझ्या चांदण्या कुठं गेल्या?"

"बाई, दोन चांदण्यांमधला शब्द प्रोग्राम ठळक करतो आणि चांदण्या काढून टाकतो."

"न्हाय रे. चांदणी आली की लेझीम वाजवायची." काउंटरवर ठेका धरून त्यांनी गाणं म्हणूनच दाखवलं.

मग मी प्रत्येक चांदणीआधी एक तिरकी रेघ दिली, म्हणजे प्रोग्राम तिला हात लावत नाही. नवं पान काढलं. बाईंनी पुन्हा गाणं म्हटलं आणि शेवटच्या ओळीत दोन चांदण्यांमधल्या 'सावकाश' या शब्दाशी थांबल्या.

"ह्या चांदण्या वाजवायच्या न्हायत. हे मात्र ठळकच पायजे. पोरी इथं लई पळतात."

खूण तीच, अर्थ दोन. गाणं ऐकल्याशिवाय मला ते कळलंच नसतं.

तुमच्या लिहिण्यात आहे का अशी एखादी खूण, जिचा अर्थ तुम्हालाच दुसऱ्यांना समजावून सांगावा लागतो?