दुसऱ्याच्या झाडाखालचा चेंडू

रंजीता नाकाडे यांच्या नाकावर राग असे, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. नागभीडजवळच्या धानकऱ्यांच्या घरात त्या वाढल्या. रोवणीला कुणाचा हात मागं पडला की वयानं मोठ्या बायांनाही त्या ऐकवत, आणि संध्याकाळी त्यांच्याच घरी जाऊन चहा पीत. भामरागडच्या पलीकडे आश्रमशाळेत मराठी शिकवायला आल्या तेव्हाही स्वभाव बरोबरच आला. मुली त्यांना भीत, आणि ताप आला की रात्री दार मात्र त्यांचंच वाजवत.

अशा बाईंच्या गळ्यात सॉफ्टबॉल पडला. शाळेनं खेळ वाटले त्या दिवशी त्या रजेवर होत्या. कबड्डी त्यांना येत होती, कॉलेजात खेळल्या होत्या, पण कबड्डी दुसऱ्या सरांनी घेतली, खो-खो तिसऱ्यांनी. परत आल्या तेव्हा पंगत उठून गेल्यासारखं झालं होतं, आणि उरलेलं जे होतं ते यांच्या पानात. मुख्याध्यापकांनी समजूत घातली की या खेळात आपल्या भागातले संघ फार नाहीत, म्हणून वर जायला वाव आहे. बाईंनी तोवर सॉफ्टबॉल पाहिलासुद्धा नव्हता.

हा खेळ क्रिकेटचा चुलतभाऊ असेल असं त्यांना वाटलं होतं. नियमांचं पुस्तक उघडल्यावर कळलं की हे भावकीतलंही नाही. चार बेस, खालून हात फिरवून टाकलेला चेंडू, एवढं डोक्यात शिरलं. पुढं मात्र प्रत्येक नियमाला एक पण होता आणि त्या पणाला आणखी एक पण. तीन चेंडू हुकले की मुलगी बाद, पण तिसरा चेंडू मागच्या कॅचरच्या हातून सुटला तर ती बाद नाही, तिनं पळायचं. मग पहिल्या बेसवर आधीच कुणी उभी असेल तर पळायचं नाही. मग दोघी बाद झालेल्या असतील तर पुन्हा पळायचं. बाई भोजनगृहात वाट्या उपड्या घालून बेस मांडत, चण्यांच्या मुली करून त्यांना पळवत, आणि तिसऱ्या पणाशी आल्या की चणे खाऊन टाकत.

एका नियमानं तर त्यांच्या नाकी नऊ आणले. पहिल्या दोन बेसवर खेळाडू आहेत, फटका सरळ वर उडाला, बेसजवळच्या मुलीला तो सहज झेलता येण्यासारखा आहे, तर पंच चेंडू खाली यायच्या आधीच मारणारीला बाद देतो. पुढं चेंडू हातून सुटला तरी बादच. हे त्यांनी मुलींना सांगितलं तेव्हा करिश्मा, म्हणजे त्यांची कॅचर, थेट म्हणाली, "पकडलाच नाई, तर आऊट काऊन?" नियम आहे म्हणून, असं बाई म्हणाल्या, आणि स्वतःचाच राग आला. कारण वर्गात असं उत्तर देणाऱ्या मास्तरांना त्या स्वतः नावं ठेवत असत.

दोन वर्षं संघ हरला. हरण्याचं दुःख बाईंना तितकं नव्हतं. मुली पळायला हरणासारख्या होत्या, हात दणकट होते, पण प्रत्येक सामना कुठल्यातरी नियमात अडकून हातचा जाई. एकदा चेंडू टाकणारीच्या हातून चेंडू सुटायच्या आधीच सोमारीनं बेस सोडला, बाद. एकदा समोरच्यांनी झेल घेतल्यावर परत बेसला न शिवता दिव्यानी घरापर्यंत, म्हणजे शेवटच्या बेसपर्यंत, धावत आली आणि नाचली, बाद. दुसरे संघ खेळून जिंकत, आणि यांच्या मुली न खेळताच हरत. बाईंना ते मनाला लागत असे. खेळून हरा म्हणायच्या, मी तुमचा सत्कार करीन.

तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं. ऊर्जानगरला चार शाळांची मुलींची लीग आहे, प्रत्येकीशी एक असे तीन सामने. त्यातला एक तरी जिंका. नाहीतर पुढच्या वर्षीपासून सॉफ्टबॉल बंद, या मुली खो-खोत जातील. बाईंना खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. तीन वर्षं ज्या खेळाला शिव्या घातल्या तो आपल्याला सोडवत नाही, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि त्याचाही राग आला.

सगळ्यात मोठी अडचण मैदानातली होती. चेंडू कुठंही गेला तरी नऊच्या नऊ मुली त्याच्यामागं धावत. बेस मोकळे पडत. बाईंनी ओरडून पाहिलं, चुन्यानं रेघा मारून पाहिल्या, पालथ्या घड्यावर पाणी. मग एके दिवशी त्यांना आयडिया सुचली. या मुलींच्या गावात मोहाची झाडं घराण्यांत वाटलेली असतात. झाड जंगलात उभं असलं तरी ते कुणाचं हे पोरासोरांना ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. बाईंनी मुलींना मैदानात उभं केलं आणि सांगितलं, "ही जागा म्हणजे तुमचं मोहाचं झाड. तुमच्या झाडाखाली पडलं ते तुमचं. दुसरीच्या झाडाखाली जायचं नाई."

जादू झाली. नऊ जणी नऊ जागी खिळल्या. चेंडू ज्या भागात पडे तिथलीच मुलगी धावे, बाकीच्या आपापलं झाड राखत. मुख्याध्यापकसुद्धा व्हरांड्यात येऊन पाहून गेले. बाईंनी त्या दिवशी नियमांचं पुस्तक कपाटात टाकलं आणि दार जरा जोरातच लावलं. एवढी वर्षं हे पुस्तक घोकत बसलो, आधीच या पोरींच्या भाषेत बोललो असतो तर, असं त्यांना वाटलं.

जानेवारीत संघ ऊर्जानगरला आला. वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर, कंपनीच्या बसगाड्या, एकसारख्या क्वार्टरांच्या ओळी. मुली पहिला अर्धा तास खेळायचं सोडून तेच पाहत होत्या. पहिला सामना जुन्याच दुखण्यानं गेला. शेवटच्या डावात सोमारीचे तीन चेंडू हुकले, तिसरा समोरच्या कॅचरच्या हातून सुटून गडगडत गेला, पहिला बेस मोकळा होता. बाकीच्या आठ जणी आणि बाई ओरडत होत्या, पळ, पळ. सोमारी मान खाली घालून चालत परत येत होती. चेंडू आणून तिच्या पाठीला लावला, सामना संपला. बाईंनी कपाळावर हात मारला.

दुसरा सामना दुपारी. हा मात्र मुली खेळल्या. शेवटच्या डावापर्यंत एका धावेनं पुढं होत्या, आणि समोरच्यांच्या दोघी बाद झालेल्या होत्या. आणखी एक बाद झाली की जिंकलो. फटका डाव्या बाजूला, दिव्यानीच्या भागात गेला. दिव्यानी लांब होती, जीव तोडून येत होती. चेंडू मात्र थांबला तो सोमारीच्या पायापासून दोन हातांवर. सोमारीनं तो पाहिला, आणि दिव्यानीची वाट पाहत उभी राहिली. समोरच्या दोघी घरी पोचल्या. सोमारी शेवटपर्यंत वाकली नाही.

सामना संपल्यावर बाई मैदानात शिरल्या तेव्हा त्यांचा आवाज क्वार्टरांपर्यंत ऐकू गेला असेल. डोळे फुटले होते का, हात मोडले होते का, असं बरंच काही. सोमारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, ते दिव्यानीचं झाड होतं."

चूक पोरीची नव्हती, आणि ज्या बाईची होती तिच्यावर ओरडण्याची सोय नव्हती. बाईंनी पुन्हा समजावून पाहिलं. चेंडू कुणाचाच नसतो, जिला सापडला तिनं उचलायचा. लगेच करिश्मानं विचारलं, मग झाडं नाहीतच का. बाई हो म्हणाल्या. त्याबरोबर सरावाला चेंडू टाकला तर नऊच्या नऊ जणी त्याच्यावर तुटून पडल्या, पहिल्या दिवसासारख्या. बाई खाली मातीत बसल्या. तीन वर्षं वाया गेली असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. रागानं की कशानं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी सोमारीला जवळ बोलावलं. ज्याचं झाड आहे तो माणूस आजारी पडला, तापानं निजून राहिला, तर त्याचा मोहा काय खाली सडून जातो का, असं विचारलं.

"नाई मॅडम. मंग शेजारचे येचतेत."

बाईंना वाट सापडली. झाडं आहेत, त्यांनी जाहीर केलं, ज्याचं त्याचं झाड आहे. पण झाडवाली आली नाही, पडली, लांब राहिली, तर शेजारणीनं वेचायचं. मुलींनी माना हलवल्या. हे त्यांना घरचंच होतं. वेचलेल्या मोहाचं शेजारी पुढं काय करतात, हे विचारायचं मात्र बाईंच्या डोक्यात आलं नाही. त्या घाईत होत्या, आणि एकदाचं काहीतरी कळल्याच्या आनंदात होत्या.

तिसरा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी, वसाहतीतल्याच संघाशी. त्यांच्या मुलींच्या पायात खिळ्यांचे बूट, त्यांचे सर शिट्टी वाजवून खुणा करणारे. आमच्यांचं काय होणार, असं वाटून बाईंनी सकाळचा चहासुद्धा घेतला नाही. पण दिव्यानीनं एक फटका असा मारला की चेंडू कुंपणाला लागला, करिश्मानं घरावर दोघींना अडवलं, आणि शेवटच्या डावात संघ पुन्हा एका धावेनं पुढं आला. समोरच्यांच्या दोघी बाद. एक पोरगी पहिल्या बेसवर. कालच्यासारखंच सगळं, अगदी तसंच. बाईंना मैदानाच्या रेघेबाहेर उभं राहवेना.

फटका डाव्या बाजूला गेला. दिव्यानी धावली, दवानं ओल्या गवतावर पाय सरकला, आणि ती तोंडावर पडली. चेंडू तिच्यापुढं घरंगळून थांबला. शेजारून सोमारी आली. या वेळी ती वाकली, तिनं चेंडू उचलला. बाईंच्या घशातून आवाज निघाला, टाक, टाक. पहिल्या बेसवरची पोरगी दुसरा ओलांडून तिसऱ्याकडे निघाली होती.

आणि सोमारीनं चेंडू टाकला नाही. ती दिव्यानीपाशी गेली, गुडघ्यांवर उठत असलेल्या दिव्यानीच्या हातात तिनं तो नीट ठेवला.

बाईंचा तोल गेला. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी जमिनीवर आपटली, आता बास, असं म्हणाल्या, आणि मैदानाकडे पाठ फिरवून चालू लागल्या. बंद करा हा खेळ, खो-खो खेळा, काहीही करा. समोर क्वार्टरांच्या गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते, ते त्यांना दिसत होते. मागून गलका झाला. हरल्याचा गलका त्यांच्या चांगला ओळखीचा होता, म्हणून त्या वळल्या नाहीत. मग करिश्मा त्यांच्यापर्यंत धावत आली आणि मागून हात धरून हलवू लागली.

झालं होतं ते असं. चेंडू हातात ठेवताना पाहून समोरच्या बाकावर सगळे हसले, आणि तिसऱ्या बेसवरून निघालेली पोरगीही हसत, आरामात घराकडे येऊ लागली. दिव्यानीचा हात धानातली वानरं हाकलून तयार झालेला, संघात तेवढा लांब चेंडू कुणीच टाकत नव्हतं. तिनं गुडघ्यांवरूनच फेकला. तो टप्पा न पडता करिश्माच्या हातात आला, आणि तिनं घरापासून एका पावलावर त्या पोरीला लावला. समोरचे सर पंचांकडे गेले, चेंडू असा हातोहात देणं चालतं का, असं विचारू लागले. पंच अश्विन नावाचा तरुण मुलगा होता. त्यानं सांगितलं की न देण्याचा नियम कुठंच नाही. बाद. सामना संपला.

बाईंनी ऐकून घेतलं. सोमारी पुढं आली आणि जरा भीतच म्हणाली, "मॅडम, येचून ज्याचा त्याच्या घरी नेऊन देतेत."

जिंकले होते. सॉफ्टबॉल राहणार होता. मुली एकमेकींच्या पाठीवर चढत होत्या, पाण्याची बाटली कुणीतरी बाईंच्या डोक्यावर ओतली. बाई हसल्या, सोमारीच्या गालावरून हात फिरवला, सगळ्यांना शाबासकी दिली. पण त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तीन वर्षं त्यांनी या संघाची प्रत्येक चूक डोळे फाडून पाहिली होती, एक सोडली नव्हती. आणि जो एक चेंडू नीट आला, तो येताना त्या दुसऱ्यांचे वाळते कपडे बघत होत्या.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या.

मुलींना आधी कळलं नाही. मग बाईंनी सोमारीला तिच्या जागी पाठवलं, दिव्यानीला गवतावर पाडलं, एका मुलीला तिसऱ्या बेसवरून पळायला लावलं, आणि स्वतः घराशेजारी दोन्ही डोळे उघडे ठेवून उभ्या राहिल्या. बसवाला हॉर्न देत होता. सोमारीनं चेंडू उचलून दिला, दिव्यानीनं हसत हसत फेकला, तो करिश्माच्या डोक्यावरून मागच्या झुडपात गेला. दुसऱ्यांदा आखूड पडला. तिसऱ्यांदा पळणारी मुलगीच हसून खाली बसली.

"असा नव्हता मॅडम," दिव्यानी म्हणाली. "लय भारी होता."

बाई म्हणाल्या, असेल. मग त्यांनी टोपी उचलून झटकली, झुडपातला चेंडू स्वतःच शोधून आणला, आणि मुलींना बसमध्ये चढवलं.