पाळण्यात आधी निजलेला वरवंटा

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. बी.एस्सी. झालेली बाई मी... दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या शेजारणीची टर उडवायचे. आता कुणी माझी उडवली तरी चालेल, पण घडलं ते सांगते.

१९९५ साल. शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर आमचा वन रूम किचन फ्लॅट. आम्ही दोघं, चार वर्षांची गौरी, आणि नेसरीचं घर बंद करून आलेल्या सासूबाई — त्यांना मी आत्या म्हणते. त्यांच्यासोबत टेम्पोभर सामान आलं. घागरी, पराती, पाट, डबे... घरात पाय ठेवायला जागा नाही! महिनाभर मी एकेक वस्तू काढून देत होते. आत्या नुसत्या बघायच्या. अडल्या त्या फक्त पाटा-वरवंट्यापाशी.

"पाटा दे जा कुणालाबी. वरवंटा न्हाय द्यायचा. बारशाला पोरीच्या आधी त्योच पाळण्यात निजलाय. थोरला भाऊ हाय तिचा."

बारशाला वरवंट्याला कुंची घालून आधी पाळण्यात ठेवतात, बाळ त्याच्यासारखं दणकट व्हावं म्हणून. ते ठीक. पण म्हणून तो दगड जन्मभर ओट्याखाली सांभाळायचा? मिक्सर होता की घरात! केरात टाकायला मात्र माझाही जीव धजेना. आपल्याकडे अशा वस्तूला वाट एकच — वाहतं पाणी. हे पौर्णिमेला नृसिंहवाडीला निघाले, तेव्हा गुपचूप पिशवीत घालून दिला. "नदीत सोडा. आत्यांना बोलू नका."

त्याच दिवशी, सकाळचे साडेअकरा वाजले असतील. गौरी फरशीवर बसून चित्र रंगवत होती. अचानक तिनं खडू टाकला आणि गळा धरला.

"आई... पाणी..."

मी पेला पुढे केला, तर ढकलून दिला. "नको! लई पाणी हाय..."

ओठ निळे पडत चालले होते. जोरात ठसका लागला आणि तोंडातून पाणी आलं — गढूळ. फ्रॉकवर वाळूचे कण पडले. मी पाठ थोपटतेय, उलटी धरतेय... श्वास काही येईना.

आत्या उठल्या त्या थेट ओट्याखाली वाकल्या.

"वरवंटा कुठं हाय?"

"असेल तिथंच."

"न्हाय हितं. खरं सांग!"

"शेजारच्या काकूंनी नेलाय... चटणी वाटायला."

गौरीचे डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा कुठे मी किंचाळले, "वाडीला दिलाय! नदीत सोडायला!"

आत्यांनी पोरगी माझ्याकडून ओढून मांडीवर घेतली. दाराकडं तोंड करून, लेक समोर उभा असल्यासारख्या ओरडल्या, "सोडू नगंस रं! वर काढ त्याला!"

थोड्या वेळानं गौरीनं खच्चून श्वास घेतला आणि रडायला लागली. तो थोडा वेळ किती होता, मला सांगता येणार नाही.

रिक्षानं डॉक्टरांकडे नेली. ते तपासून माझ्यावरच खेकसले, "एवढ्या लहान पोरीला नदीवर कशाला नेता?" सकाळपासून पोरगी घराबाहेर पडली नव्हती हो!

हे दुपारी तीनला आले. पँट अजून ओली. पिशवी खाली ठेवली, आत वरवंटा. इथलं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"कमरेएवढ्या पाण्यात उतरलो," हे म्हणाले. "पाण्याखाली सोडायला गेलो तर जमेचना. मला वाटलं मिनिटभर झालं असेल. नावाडी ओरडला, 'पावणं, कवाधरनं काय धरून हुबं हायसा?' तसा वर काढला." मग स्वतःच्या हाताकडे बघत हळूच म्हणाले, "मी नव्हता गं धरला. तान्हं मूल धरतं ना... तसं त्यानं माझं बोट धरलं होतं."

गौरी आज बारावीला आहे. तिला यातलं काही आठवत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही आणि मी ते शोधतही नाही. ती वाळू कुठून आली हे नाही कळलं तरी चालेल. पण लेकरू डोळ्यांदेखत गुदमरत असताना मी दोनदा खोटं बोलले... ते का, हे मला अजून कळलेलं नाही.