सातव्या गच्चीवरची तार

भवानी पेठेत गुपित राखायचं असेल तर ते आमच्या वरच्या मामांना सोडून कुणालाही सांगावं, आणि काम करून घ्यायचं असेल तर मामांना सोडून कुणालाही सांगू नये. वरचे म्हणजे वरच्या मजल्यावरचे. नातं काही नाही, आम्ही त्यांचे भाडेकरू. चाळीस वर्षं मामांनी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून बिघडलेले माग दुरुस्त केले आणि त्या खडखडाटात दोन्ही कान जवळजवळ गमावले. त्यामुळे त्यांची कुजबुज तीन घरं पलीकडे ऐकू जायची. ‘कुणाला बोलू नको, पण’ असं मामांनी सुरू केलं की समोरच्या बायका भाजी निवडायची थांबायच्या. मला दिवस गेल्याची बातमी माझ्या सासूबाईंच्या आधी पेठेला कळली ती अशीच. आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

पण या माणसावर राग टिकायचा नाही. बिघडलेलं यंत्र दिसलं की मामांना राहवायचं नाही. ऐकू येत नसल्यामुळे ते यंत्रावर तळहात ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “ह्याचं दुखणं कळलं मला.” आमचा मिक्सर त्यांनी असा दुरुस्त केला की तो आजही चालतो, फक्त बंद करायला प्लग उपसावा लागतो. घरी तेलुगू, पेठेत मराठी, शिंप्याच्या दुकानात दखनी आणि अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कानडी. चारही भाषा ते सारख्याच जोरात बोलायचे.

तेव्हा माझं बाळ तीन महिन्यांचं होतं. नवरा नोकरीला माळशिरसला, तो शनिवारी यायचा. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायची. फोनच्या लाइनवरून एक रेकॉर्डिंग उतरायला अख्खी सकाळ जायची, आणि मध्येच कुणाचा फोन आला की लाइन तुटून सगळं मुसळ केरात. शेवटी कंपनीनं कळवलं, महिनाअखेरपर्यंत घरी केबलचं इंटरनेट घ्या, नाहीतर राजीनामा द्या. मी केबलवाल्याच्या ऑफिसात गेले. तो म्हणाला, “मॅडम, लाइन चौकापर्यंतच हाय. पुढं तुमच्या घरापर्यंत नऊ गच्च्या. परवानग्या तुमी आणायच्या. जोडणीचे पैसे वेगळे, वायरचे मीटरवर वेगळे.” जोडणीच्या आकड्यातच माझा एक पगार जात होता. घरी येऊन मी जिन्यावर बसून रडले.

मामा वरून उतरले. सगळं ऐकून, म्हणजे मी तीनदा ओरडून सांगितल्यावर, म्हणाले, “नऊच की. लई न्हाईत.”

पुढच्या तीन दिवसांत त्यांनी आठ गच्च्या जिंकल्या. एका आजीबाईंना त्यांनी सांगितलं, या तारेतनं तिरुपतीचं दर्शन मिळतं. शिंप्याला सांगितलं, हिच्यामुळं टीव्ही साफ दिसतो. खरं कारण आपल्याशिवाय पेठेत कुणाला माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती. वायर किती लागेल तेही त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात टाकत मोजलं आणि केबलवाल्याला बजावलं, “एकशे साठ हात. मीटर तू काढ.” टेप लावली तर अर्ध्या मीटरचाही फरक निघाला नाही.

राहिली सातवी गच्ची. ती होती मामांच्याच कारखान्यातल्या एका विणकर काकांची. चौदा वर्षांपूर्वी मामा त्यांना चार माणसांत म्हणाले होते, “माग तू चालवत न्हाईस, मागच तुला चालवतो.” तेव्हापासून बोलणं बंद. मामा त्यांच्या दारावरून जातसुद्धा नसत, वळसा घालत. मी नुसतं विचारलं तर म्हणाले, “त्याच्या दारात? मेलो तरी न्हाय.” काकांनी मलाही परत पाठवलं. चार दिवस उरले होते. मी राजीनामा लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर दुपटी वाळत घालत होते, तेवढ्यात काकांच्या जिन्यातून मामांची कुजबुज आली.

“माझं चुकलं. तवा बी चुकलं हुतं. राग हाय तो माझ्यावर ठेव की. पण पोरीची नोकरी जातीय, लेकरू तीन म्हैन्याचं हाय. तार जाऊ दे तुझ्या गच्चीवरनं.”

काकांचे कानही त्याच कारखान्यातले. त्यांनी तितक्याच हळू, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, “चार माणसांत बोललास, आन् माफी एकट्यात मागतोस व्हय?”

त्या क्षणी आजूबाजूच्या गच्च्यांवर चार सोडा, चाळीस माणसं तरी श्वास रोखून उभी असतील. कुणी पापड वाळवताना थांबलेलं, कुणी सूत गुंडाळताना. कुणी खोकलंसुद्धा नाही.

“हात जोडतो,” मामा म्हणाले.

काका म्हणाले, “जाऊ दे तार.”

मामा घरी आले ते छाती काढून. “तोच आला की माझ्याकडं, हातापाया पडत. म्हटलं, जाऊ दे बाबा.” मी म्हटलं, “बरं झालं, मामा.” पेठेनंही त्या दोघांना कधी काही कळू दिलं नाही. दुसरं कुठलंही गुपित या गल्लीत चार दिवस टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

तार टाकताना मामा गच्चीगच्चीवर हजर. मध्ये सांधा देऊ देईनात. सुताला गाठ आली की कापड बाद, हा त्यांचा हिशेब. अख्खी वायर त्यांनी बोटांतून सरकवून तपासली, मग मोडेमवर तळहात ठेवला. “गरम हाय. म्हंजे कामाला लागलं.” दहा मिनिटांत रेकॉर्डिंग उतरलं. मी राजीनामा फाडला. त्या नोकरीवर माझ्या मुलीचं शिक्षण झालं.

मामा जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात फायबरवाल्यांनी जुनी तार काढली, तेव्हा सातव्या गच्चीवरचे काका तिचं वेटोळं घेऊन आमच्या दारात आले. खूप थकलेत आता.

“तुला ठावं न्हाय,” ते म्हणाले, “ह्या तारंपायी तो माझ्या दारात आलता. हात जोडले त्यानं. मी व्हय म्हटलं, पण आत ये म्हटलं न्हाय. पायरीवरच हुबा ठेवला. चहा बी इचारला न्हाय गं.”

मला सगळं माहीत आहे हे त्यांना सांगवेना.

“आत या, काका,” मी म्हटलं. “चहा टाकते.”

ते नको म्हणून मान हलवत राहिले आणि बराच वेळ उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.