योजनेची खाट

"योजनावाले खुर्चीवर नाही. तिकडं, जिन्याखाली."

बीड बायपासवरच्या नव्या, काचेच्या रुग्णालयात काउंटरवरचा माणूस माझ्या मायला हे म्हणाला. वर न बघता. खुर्च्या रिकाम्या होत्या. माय उठली आणि जिन्याखाली फरशीवर बसली, मी तिच्याशेजारी.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. फुलंब्रीला टँकरचा भरवसा नव्हता. माय पाणी पुरवून पुरवून प्यायची. मुतखडा झाला. सरकारी आरोग्य विमा योजनेचं कार्ड तिनं पदरात बांधून आणलं होतं.

जिन्याखाली सोयगावची एक बाई होती. नवरा तिच्या खांद्यावर डोकं टाकून बसलेला. त्याच्या हृदयाची झडप खराब होती. कार्ड तिच्याकडंही होतं.

"काल दुपारपासून बसलो बाबा," ती मला म्हणाली. "म्हणतेत, खाट रिकामी झाली की तुमचाच नंबर."

मी पत्रकार होतो. खिशातून ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

तो माणूस उभा राहिला. "आधी सांगायचं ना साहेब. बसवा आईंना खुर्चीवर."

योजनेची एकच खाट रिकामी झाली होती. ती मायला मिळाली. सोयगावच्या बाईला त्यानं सांगितलं, "पुढच्या आठवड्यात या."

ती नवऱ्याला उठवू लागली.

"तिचा नंबर आधी व्हता रं," माय म्हणाली.

मी म्हणालो, "तू चल."

मायचा खडा काढला. ती बरी होऊन घरी गेली. मग आमच्या कार्यालयात सरकारी पत्रक आलं. जिल्ह्यातली जवळपास सगळी कुटुंबं विम्याच्या छत्राखाली. बातमी माझ्याकडं दिली.

मी वृत्तसंपादकांना विचारलं, "परत पाठवलेले यात कुठं मोजलेत?"

"कार्ड आहे ना त्यांच्याकडं? मग ते आलेच."

म्हणजे माझी माय आली. सोयगावची बाईही आली. पत्रकात दोघी सारख्याच.

"कार्डं किती वाटली, एवढंच यात आहे," मी म्हणालो. "उपचार किती जणांना मिळाले ते विचारून लिहितो."

ते हसले. "तुम्ही लोक कुठंही आपलं रडगाणं आणता."

"तुम्ही लोक म्हणजे कोण, सर?"

त्यांनी पत्रक माझ्याकडं सरकवलं. मला जिन्याखालची फरशी आठवली. ओळखपत्र दाखवून मी त्या फरशीवरून उठलो होतो, असा माझा समज होता.

पत्रक मी परत त्यांच्या टेबलावर ठेवलं. बातमी दुसऱ्यानं लिहिली. पहिल्या पानावर छापून आली.

तो अंक पिशवीत घालून मी सोयगावच्या एसटीत बसलो आहे. बाईचं नाव मला माहीत नाही. तेव्हा विचारलं नव्हतं. तिचा नवरा आहे की नाही, तेही माहीत नाही. दारोदार विचारीन. कार्ड आहे का, हे विचारणार नाही. कार्ड घेऊन गेलात तेव्हा काय झालं, हे विचारीन. जे सांगतील ते छापीन. इथं नाही छापलं, तर दुसरीकडं.

पहिलं वाक्य तयार आहे. सोयगावच्या माणसाची खाट मी घेतली.