नावापुढचा हिरवा ठिपका

ती घटना मी विसरलो, असं मी घरच्यांना सांगतो. विसरलेलो नाही. नोकरीची बरीच वर्षं शिल्लक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, ती या प्रकरणामुळे. अर्जात प्रकृतीचं कारण दिलं होतं. प्रकृती चांगली होती.

तेव्हा मी शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कोणाचंही नाव लिहिणार नाही, ठाण्याचंही नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेव्हा वडगाव रासाईची एक म्हातारी आत आली. अशा बायका सहसा कोणाला तरी सोबत आणतात, ही एकटी आली होती. तिचा मुलगा कुरकुंभला केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. तिथंच एका जोडीदाराबरोबर खोली करून राहायचा आणि साप्ताहिक सुट्टीला न चुकता घरी यायचा. दोन सुट्ट्या झाल्या, आला नव्हता. फोन लागत नव्हता.

"साहेब, त्यो हाय का न्हाई, येवढंच बघा. माझ्याकडं यायलाच पायजे आसं न्हाई."

मिसिंग दाखल करून घेतली. खोलीतल्या जोडीदाराला बोलावलं. शांत, नीटनेटका तरुण होता. म्हणाला, गुजरातेत नोकरी बघतो म्हणून बॅग भरून गेला, आईला सांगू नको म्हणाला. मग त्यानं स्वतःचा मोबाइल काढला आणि एक गेम उघडून दाखवला. पोकरचा. हातात दोन पत्ते, टेबलावर पाच, आणि लावायला नुसत्या खोट्या चिप्स. पैशाचा संबंध नाही. पहिली पाळी सुटली की हे दोघं आणि बाहेरचे तीन-चार ओळखीचे रोज दुपारी गेममधल्या एकाच टेबलावर बसायचे. बेपत्ता मुलाच्या नावाखाली 'काल सक्रिय' असं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात हवालदाराच्या मोबाइलवर गेम टाकून आम्ही दोघांनी बघितलं. त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला होता. तो खेळत होता.

चेहरा वाचण्यात माझा हातखंडा आहे, असं खात्यात बोललं जायचं आणि मीही ते मानत होतो. जोडीदाराचा चेहरा मला सरळ वाटला. सिम बंद असलं तरी हँडसेटचा माग काढायला तांत्रिक शाखेला कळवता आलं असतं. पण प्रौढ माणूस, आपणहून गेलेला, रोज खेळतोय. मी कळवलं नाही.

म्हातारीला मात्र बोलावून घेतलं. मुलानंच तिला व्हिडिओ कॉलसाठी मोबाइल घेऊन दिला होता. त्यात हवालदाराकडून तो गेम टाकून घेतला, मुलाचं नाव जोडलं आणि मी तिला समजावलं, "मावशी, हा हिरवा दिवा लागला की समजायचं, पोरगं ठीक आहे."

"बोलतंय का ह्याच्यात?"

"बोलत नाही. खेळतो."

"खेळतोय न्हवं? मग जेवला बी आसंल."

तेव्हापासून ती दिवा लागल्यावर जेवू लागली. हे मला नंतर कळलं. तीन-साडेतीनपर्यंत भाकरी झाकून ठेवायची, मोबाइल समोर टेकवून बसायची.

काही महिने गेले. मग एका दुपारी तळेगाव ढमढेऱ्याहून एक ग्रामपंचायत सदस्य आला. गळ्यात साखळी, बाहेर मोठी गाडी. आल्या आल्या खुर्ची ओढून बसला.

"साहेब, त्यो वडगावचा बेपत्ता खेळतोय ना, त्यो त्यो न्हाई."

"म्हणजे काय?"

"पॅक करतोय."

माझा हवालदार म्हणाला, "सदस्यसाहेब, पत्ते टाकून देणं अजून तरी गुन्ह्यात बसवलेलं नाही."

"हसा, हसा. चार वर्सं खेळतोय मी त्याच्यासंग. हातात दुर्री-सत्ती आसली तरी शेवटपर्यंत चिकटून बसायचा. कवा स्वतः वाढवायचा न्हाई, नुसता मागं मागं यायचा. शिव्या घातल्या, समजावलं, काय उपेग न्हाई. म्हनायचा, दादा, पॅक केलं की नुसतं बघत बसावं लागतं. आन् आता? डावामागनं डाव सोडतोय, मग एकदम घुसतोय आन् माझं समदं झाडून नेतोय."

"सुधारला असेल. इतकी वर्षं खेळतोय."

"त्यो? साहेब, त्याला जिंकायचं नव्हतंच. त्याला चार मानसांत बसायचं हुतं. आसला गडी सुधारतोय व्हय?"

"म्हणजे तुम्ही हरताय, म्हणून तक्रार आहे."

"हायच की. जित्राबं बरी खेळतील त्याच्यापरीस. त्याच्याकडनं हरायचं म्हंजी काय?"

मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पण उठता उठता तो म्हणाला, "असा आवळून खेळनारा आमच्यात एकच हाय. त्याचा खोलीतला जोडीदार. आन् गंमत बघा, ह्यो आला की त्यो नसतो, त्यो आला की ह्यो नसतो."

त्यानंतर सलग काही दुपारी मी टेबल बघत बसलो. दोन्ही नावं एकदाही एकत्र उजळली नाहीत.

जोडीदाराला चौकशीला आणलं. मी आवाज चढवला नाही. समोर मोबाइल ठेवला, गेम सुरू केला आणि म्हटलं, "तुझा मित्र खेळायचा तसा खेळून दाखव."

"म्हणजे साहेब?"

"काहीही पत्ते येऊ देत, सोडायचे नाहीत."

पहिला डाव त्यानं खेळला. दुसऱ्याला अगदी भिकार पत्ते आले. त्याचा अंगठा पॅकच्या बटणाकडं गेला, थांबला, परत आला. तिसऱ्याला पुन्हा तेच. आणखी थोड्या वेळानं त्याच्या कपाळावर घाम आला. मुद्दाम वाईट खेळणं ज्याला खेळ येतो त्याला फार वेळ जमत नाही. बोटं ऐकत नाहीत. एका डावाला त्यानं पॅक दाबलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

"आता सांग," मी म्हटलं.

सुट्टीच्या दिवशी दोघं भीमेच्या काठाला बंधाऱ्यावर बसले होते. खरे पत्ते, चिप्सऐवजी चिंचोके. एका डावाला मुलानं कधी नव्हे ते वाढवलं. पुन्हा वाढवलं.

"साहेब, तो कधी ब्लफ मारायचाच नाही. वाढवतोय म्हणजे पत्ते असणारच. मी चांगला हात टाकून दिला. तर तो हसला. असा कधी हसला नव्हता. म्हटलं, दाखव. म्हणाला, समोरच्यानं पॅक केलं की दाखवायचे नसतात, तूच शिकवलंयस."

जोडीदारानं पत्ते पुन्हा मागितले, मुलानं मूठ आवळली. झटापट झाली. जोडीदारानं ढकललं. डोकं दगडावर आपटून तो पाण्यात गेला, पत्त्यांसकट.

जबाबानंतर त्याला कोठडीकडं नेत होते. दारात थांबून त्यानं विचारलं, "साहेब, पत्ते सापडले असतील का?"

"कशाला?"

"त्याच्याकडं काय होतं, तेवढं कळलं असतं."

पोलिसांपुढं दिलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. खोलीच्या माळ्यावरून मुलाचा मोबाइल त्यानं पंचांसमक्ष काढून दिला, तो आमचा खरा पुरावा. दौंडच्या बाजूला नदीत मधल्या काळात एक अनोळखी मृतदेह मिळाला होता आणि बेवारस म्हणून पुरला गेला होता. तो उकरला. म्हातारीच्या रक्ताशी नमुना जुळवायला पाठवला. नमुना खराब झाल्यानं निष्कर्ष देता येत नाही, असा अहवाल आला. म्हणजे सगळी भिस्त त्या मोबाइलवर आणि मेलेल्या माणसाच्या नावानं कोण खेळत होतं यावर.

मोबाइल सीलबंद झाला. दिवा विझला.

म्हातारीला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही. आठवड्याभरात गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, मावशी जेवंना. दिवा लागल्याबिगर न्हाई म्हनती. हाताला धरून उठवावं लागतंय."

आता जे लिहितोय ते मी खटला संपेपर्यंत कुठंही बोललो नाही.

मुलाच्या गेमच्या खात्याचा पासवर्ड आरोपीनं चौकशीत सांगितला होता. एका दुपारी क्वार्टरमध्ये मी माझा जुना हँडसेट काढला आणि मुलाच्या नावानं आत गेलो. एकदाच, असं ठरवलं होतं. टेबलावर नुसतं बसायचं आणि उठायचं. पण बसल्यावर पत्ते येतातच. मला खेळ येत नव्हता. कधी सोडायचं ते कळत नव्हतं, म्हणून सोडत नव्हतो. शेवटपर्यंत मागं मागं जात राहिलो आणि हरलो. टेबलाखालच्या गप्पांच्या चौकटीत सदस्याची ओळ उमटली, "आत्ता खरा आलास बघ."

आरोपी कोठडीत आहे हे त्या गड्याला ठाऊक होतं. तरी त्यानं तसं लिहिलं, आणि पुढचे पत्ते वाटले गेले.

संध्याकाळी पोलीस पाटलाचा फोन आला, मावशी जेवली. मग मी रोज त्या नावानं आत जाऊ लागलो. तिच्यासाठी, असं मी स्वतःला सांगायचो. ते निम्मं खरं होतं. ठाण्यात दिवसभर लोक माझ्याशी घाबरून बोलायचे. त्या टेबलावर मला कोणी तरी रोज 'आला का रं' म्हणायचं.

खटला उभा राहिला. म्हातारी सरकार पक्षाची साक्षीदार. सरकारी वकिलांनी विचारलं, मुलाला शेवटचं कधी पाहिलं. ती म्हणाली, "माझा पोरगा जित्ता हाय. रोज दिवा लागतोय. ह्याला तर धरून आत घातलंय, मग दिवा कोन लावतंय?"

बचाव पक्षाच्या वकिलानं लगेच गेमच्या कंपनीकडची नोंद मागवण्याचा अर्ज केला. नोंद आली. आरोपी येरवड्यात असताना ते खातं रोज दुपारी दुसऱ्याच हँडसेटवरून वापरलं जात होतं. हँडसेट कोणाचा, हे मात्र कोणी खणून काढलं नाही. वकिलाला ते नको होतं. त्याला शंका हवी होती, ती मिळाली.

उलटतपासणीत त्यानं मला विचारलं, "तपास अधिकारी म्हणून आपण सांगू शकाल, हे कोण खेळत होतं?"

मी म्हटलं, "याबाबत मला काही सांगता येणार नाही."

आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. न्यायालयाच्या व्हरांड्यात म्हातारीनं मला गाठलं. तिचा चेहरा उजळला होता. "बघा साहेब. जज्जसाहेबानं बी मानलं. माझा ल्योक मेलेला न्हाई." मी मान हलवली. कुठल्या दिशेला, ते आठवत नाही.

निकालानंतर थोड्याच दिवसांत जोडीदाराचं नाव टेबलावर उगवलं. तो खेळला नाही. एकामागून एक डाव माझ्याकडं, म्हणजे त्या नावाकडं, बघत बसला. मी सवयीप्रमाणं कचरा पत्त्यांवर चिकटून होतो. शेवटी त्यानं लिहिलं, "कोण आहे?" मी पुढचे पत्ते घेतले. त्यानं पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा. मग त्याचं नाव गेलं, ते परत आलं नाही. तो मुलूख सोडून गेला असं ऐकलं. सगळ्या जगात तो एकटाच असा होता, ज्याला ते नाव मेलेलं आहे हे पक्कं ठाऊक होतं आणि ते समोर खेळताना दिसत होतं. माझ्या पोलीस खात्यानं त्याला शिक्षा दिली नाही. ही दिली ती मी, नकळत.

लोक विचारतात, इतकी वर्षं पत्ते खेळूनही काहींचा खेळ का सुधारत नाही. पूर्वी मी म्हणालो असतो, अक्कल नसते. आता तसं म्हणवत नाही. सुधारायचं तर हरलेला डाव पुन्हा मनात मांडून बघावा लागतो, आणि जो वेगळ्याच कशासाठी बसलेला असतो त्याला त्याची गरज पडत नाही. तो मुलगा सोबतीसाठी बसायचा. सदस्य आपण शहाणे आहोत हे दिसावं म्हणून बसतो. चौकशीच्या टेबलावर मीही तसाच बसत आलो. अंदाज बरोबर आला की माझं कसब, चुकला की नशीब. जोडीदाराचा चेहरा मी चुकीचा वाचला, त्याआधी आणखी किती वाचले असतील, हे मी कधी मागं जाऊन बघितलं नाही. गुन्हा कबूल झाला की फाइल बंद, आणि फाइल बंद झाली की आपण हुशार.

हे सारं मी वरिष्ठांना लेखी कळवलं आहे. पुढं जे होईल ते होईल. पण आधी वडगावला जाऊन आलो.

म्हातारी अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं, "मावशी, तो दिवा तुमचा मुलगा लावत नाही. आधी त्याला मारणारा लावायचा. नंतर मी लावत होतो. मुलगा बेपत्ता झाला त्याच दिवशी गेला."

तिनं शेंगा सुपात सारल्या. दुसरी मूठ निवडायला घेतली. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं. आत जाऊन मोबाइल आणला, भिंतीला टेकवला. ताटलीत भाकरी वाढून आणली, तीही माझ्यासमोर ठेवली नाही, स्वतःच्या पुढ्यात ठेवली.

"साडेतीन वाजून गेलं," ती म्हणाली. "लावा की मग."

मी खिशातून हँडसेट काढला. तिच्या मोबाइलवर ठिपका हिरवा झाला तसा तिनं पहिला घास मोडला. ती जेवत होती तोवर मी एकही डाव सोडला नाही.