माझ्या बापाच्या तोंडची दारू

"दारू आधी सांग, मरण नंतर," बाई म्हणाल्या. "आणि मरणापाशी जरा थांब. रडू आलं तर येऊ दे."

धुळ्यातल्या आमच्या चर्चची बाजूची खोली. पलीकडे मंडळी जमलेली. पुण्याचे पाहुणे पहिल्या रांगेत, गळ्यात हार. त्यांच्या देणगीवर मुलींचं वसतिगृह चालतं. मी तिथेच शिकले आणि तिथेच मदतनीस म्हणून लागले. म्हणून साक्ष द्यायला मी. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, याला आमच्यात साक्ष म्हणतात. बाई म्हणजे मंडळीच्या सेक्रेटरींची बायको. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, आणि पियानो.

मी म्हणाले, "बाई, माझा बाप पीत नव्हता."

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अगं, तुमच्याकडे सगळेच पितात. त्यात लाजायचं काय? आणि ही साडी बदल. जुनी नेस एखादी."

ती माझी नाताळची साडी होती. मी मुकाट्यानं बदलली. त्याची लाज मला अजून वाटते.

बाप कसा मेला ते सांगते. तो आबांच्या कपाशीत फवारणीला जायचा. आबा म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, तोही घामानं भिजलेला. हातमोजे कसले नि चष्मा कसला! त्या दिवशी वारा उलटा फिरला. संध्याकाळी बापाला खाटेवर घालून आणलं. तोंडाला फेस, अंग थरथरतंय, सदऱ्याला औषधाचा उग्र दर्प. गाडी येईपर्यंत सगळं संपलं.

आबा आमच्या दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "दारू पीसन फवारा माराले गया व्हता. आते कोन काय करी?"

गावानं माना डोलावल्या. आबांच्या शेतात कामाला जायचं असतं सगळ्यांना. माय ओरडत होती, "तो पेताड नव्हता वं! तेना तोंडना वास तरी ल्या!"

वास घ्यायला कुणी वाकलं नाही. एकही माणूस नाही.

काही दिवसांनी अक्का आल्या. धुळ्याच्या चर्चमधल्या, म्हाताऱ्या, नर्सचं काम करून निवृत्त झालेल्या, गावोगाव पायी फिरून आजाऱ्यांना भेटणाऱ्या. दारुड्याची बायको म्हणून मायकडे तेव्हा कुणी फिरकत नव्हतं. अक्कांनी बापाचा सदरा मागितला. नाकाशी नेला. म्हणाल्या, "ही दारू नाही, बाई. हे औषध आहे."

माय त्या दिवशी पोटभर रडली. आम्ही प्रभूच्या मागे निघालो ते तिथून. गाव म्हणतं, गव्हाच्या पोत्यासाठी बाटले. पोतंबितं काही नव्हतं. एक सदरा होता.

तर पाळकांनी माझं नाव पुकारलं. मी माईक हातात घेतला. बाईंनी बाकावरून डोळ्यांनी खूण केली. माय अगदी मागे सतरंजीवर बसली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. लेक माईकवर उभी, याच आनंदात ती होती.

"माझा बाप..." एवढं म्हणाले. पुढचा शब्द जिभेवर तयार होता. तो बोलले असते तर आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले असते. तेही देवाच्या घरात, देवाचं नाव घेऊन.

"माझा बाप दारू पीत नव्हता. तो फवारणीच्या औषधानं मेला. तो पीत होता असं सांग, असं मला आत सांगितलंय. मी सांगणार नाही. हीच माझी साक्ष."

पाळक खाली बघत होते. माय तेवढी उठून उभी राहिली.

बाहेर बाईंनी मला गाठलं. "खाल्ल्या मिठाला जागली नाहीस."

"मीठ तुमचं नव्हतं, बाई," मी म्हणाले.

वसतिगृहातलं काम गेलं. आता एका दवाखान्यात आया आहे. लोक म्हणतात, एवढा अपमान झाला, सोड ते चर्च. का सोडू? प्रभू काही त्यांच्या पियानोवर बसून धुळ्याला आलेला नाही. आमच्याकडे तो अक्कांबरोबर पायी आला. मी दर रविवारी जाते. तीच नाताळची साडी नेसून, पुढच्या बाकावर बसते. माईक देत नाहीत. न देवोत.

पण एक गोष्ट डाचते. चर्चमध्ये बापाला ओळखणारं होतंच कोण? जिथे त्याला दारुडा ठरवलं, त्या गावात अजून कुणी तोंड उघडलेलं नाही. आबा आता थकलेत, दिवसभर ओट्यावर बसून असतात.

माय म्हणते, "जावू दे, बेटी. देव देखस."

देव बघतोच. गावानं ऐकायचं राहिलंय. क्षमा करायला मला शिकवलंय, आणि मी करीनही. पण जे झालंच नाही म्हणतात, त्याची क्षमा करायची कशी? आधी झालं म्हणा.

मायनं तो सदरा न धुता जपून ठेवलाय. येत्या रविवारी उपासना संपली की मी तो घेऊन गावी जाणार आहे. भर ओट्यावर, गावादेखत, आबांच्या मांडीवर ठेवणार आहे. त्यातला दर्प केव्हाच उडून गेला असेल. तरी मी म्हणणार, "आबा, वास ल्या."

आणि ते वाकेपर्यंत तिथून हलणार नाही.